शिशाच्या कपाटातले बॅज

मंगळवारी सकाळी साडेदहाला यंत्राने तिच्या धाकट्या भावाला शून्य दिले.

शून्य म्हणजे काहीही लागलेले नाही, असा त्या यंत्राच्या भाषेतला अर्थ. अग्निशमन दलातल्या ज्या जवानांची किरणोत्सर्गाशी गाठ पडण्याचा संभव आहे, त्यांनी छातीवर काडेपेटीएवढा बॅज लावायचा असतो. अंगावर पडणारा किरणोत्सर्ग तो मुकाट्याने साठवतो, आणि प्रयोगशाळेत आणून तापवला की साठलेले सारे प्रकाशाच्या रूपाने ओकतो. तो प्रकाश मोजला की माणसाला किती मार बसला ते कळते. हे मोजण्याचे काम ती सव्वीस वर्षे करत होती. शहरातली रुग्णालये, कारखाने आणि दल यांचे मिळून चार हजार बॅज तिच्या हाताखालून जात, म्हणून सगळे तिला बॅजबाई म्हणत. टेलिफोनवर अलीकडे तीही स्वतःची ओळख तशीच करून देऊ लागली होती.

आकडा पाहून तिला हायसे वाटायला हवे होते. वाटले नाही, कारण आदल्या दुपारी भावजयीचा फोन येऊन गेला होता.

"ताई, हे आगीवरून आले ते ओकतच आले. आठदा झालं आत्तापर्यंत."

"खाल्लं काय होतं?"

"काही नाही, सकाळचा चहा. धूर गेला पोटात म्हणून दवाखान्यात ठेवून घेतलंय. पण ताई, धुरानं माणूस खोकतो ना? हे खोकतच नाहीयेत."

वैद्यकाचे एकही पुस्तक न उघडलेल्या बाईने एका वाक्यात जे ओळखले, ते ओळखायला पुढे सात शिक्के, चार विभाग आणि एक समिती यांना आठवडा अपुरा पडणार होता.

आग लागली होती मालधक्क्यामागच्या एका शेडमध्ये. आत तिघे शिरले: तिचा भाऊ, लांब्या म्हणून ओळखला जाणारा त्याचा जोडीदार, आणि सर्वांत जुना जवान, ज्याला सगळे मास्तर म्हणत. भावाच्या वाट्याला मागची भिंत आली. तिथे एक पोलादी पेटी होती, आणि तिच्यापासून दोन हातांवर उभा राहून त्याने चाळीस मिनिटे पाणी मारले. मंगळवारी उजाडताच बिनखिडक्यांची एक गाडी आली, शिशाच्या जाड पिंपात काहीतरी घालून निघून गेली, आणि शेडभोवती पत्रे ठोकले गेले. हे दलाच्या ड्रायव्हरने पाहिले आणि सगळ्यांना सांगितले. एरवी कोणालाच काही सांगितले गेले नाही. चार महिन्यांपूर्वी पाइपांचे जोड तपासणाऱ्या एका कंपनीची अशीच पेटी चोरीस गेल्याची बातमी वर्तमानपत्रात तीन ओळींत आली होती. अशा पेटीतल्या करंगळीएवढ्या तुकड्याला स्फोटकांची जोड दिली की एक अख्खी पेठ महिनोन्‌महिने ओस पाडता येते. चोराचा बेत काय होता हे समजायला गुप्तहेर असण्याची गरज नव्हती.

शहराने या प्रसंगाची तयारी केली नव्हती असे नाही. तयारीला तोटा नव्हता. दोनशे चौदा पानांची सज्जता योजना होती, नारिंगी पोशाख होते, दर वर्षी एक रंगीत तालीम होत असे आणि तिच्यात जखमींचे काम करणारे कारकून इतके मनापासून विव्हळत की पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येई. मोठ्या रुग्णालयात गाळलेल्या हवेचा सात खाटांचा खास कक्षही बांधला होता. त्या कक्षाच्या फ्रीजमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुन्हा उभ्या करणारी इंजेक्शने होती. कक्षाला कुलूप होते. कुलूप उघडण्यासाठी हवा होता एक कागद: अमुक माणसाला, अमुक ठिकाणी, अमुक इतकी मात्रा लागली असे म्हणणारा, सहीचा, सरकारी.

आणि तिच्या हातात तर शून्य होते.

तिने तिन्ही बॅज पुन्हा उचलले, आणि सव्वीस वर्षांत कधी केले नव्हते ते केले. नाकाशी धरून त्यांचा वास घेतला. दुकानातून आत्ता आणल्यासारखे कोरे. धुराचा मागमूस नाही. तिने पर्स उचलली आणि अग्निशमन केंद्र गाठले.

केंद्रप्रमुख हा वाईट माणूस नव्हता, हे आधीच नोंदवलेले बरे, कारण या कथेत वाईट माणूस शोधणाऱ्याची पदोपदी निराशा होणार आहे. तो व्यवस्थित होता. त्याच्या केंद्रातल्या दोऱ्यांची वेटोळी एका मापाची, हेल्मेटे एका ओळीत, आणि नोंदवह्यांना तपकिरी कागदाची कव्हरे.

"बॅज ना? या, दाखवतो," तो उत्साहाने म्हणाला. "सात वर्षांत एक हरवलेला नाही. तुमच्याच ऑफिसनं प्रशस्तिपत्र दिलंय गेल्या साली. सगळ्यांत कमी मात्रा लागलेलं केंद्र!"

खोलीच्या कोपऱ्यात करड्या रंगाचे एक ठेंगणे कपाट होते. त्याने कंबरेची किल्ली काढली, दोन्ही हातांनी दार ओढले. दार चार बोटे जाड होते. आत, खिळ्यांवर, क्रमांकांनुसार, उरलेले आठ बॅज टांगलेले होते आणि कालचे तीन खिळे मोकळे.

"हे कपाट तुम्हाला कशासाठी दिलं होतं?" तिने विचारले.

"मीटर तपासायचा तो किरणोत्सर्गी नमुना ठेवायला. नमुना काही आला नाही अजून. कपाट आलं. म्हटलं, रिकामं कशाला ठेवा?"

"दाराच्या आत काय भरलंय माहीत आहे?"

"शिसं!" त्याने दारावर थाप मारली. "म्हणून तर. किरण आत जात नाहीत की बाहेर येत नाहीत. याहून सुरक्षित जागा सांगा मला."

"म्हणजे माणसं आगीत आणि बॅज शिशात."

"बाई, आता तुम्हीच असं म्हणता? एक बॅज हरवला तर तीन पानी खुलासा तुमच्याकडेच द्यावा लागतो. मागे एकाचा घामानं सुटून पडला, तर दीड महिना पत्रव्यवहार! शेवटी तुमचंच पत्र आलं, 'बॅज सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी केंद्रप्रमुखाची'. ठेवले सुरक्षित." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा आवाज उतरला. "काही चुकलं का?"

एखादी गोष्ट नाही हे कळते कसे, यावर जुन्या तार्किकांनी शतकानुशतके डोकेफोड केली आणि निष्कर्ष काढला तो कोणत्याही शेंबड्या पोराला पटावा असा: खोलीत घागर नाही हे तेव्हाच म्हणावे, जेव्हा घागर असती तर ती दिसली असती. अंधाऱ्या खोलीत डोकावून 'घागर नाही' म्हणणाऱ्याला घागरीविषयी काहीच कळलेले नसते. त्याला अंधाराविषयी कळलेले असते. शहराने सात वर्षे अंधारात डोकावून पाहिले होते आणि दर तिमाहीला घागर नसल्याचा दाखला तिच्या सहीने घेतला होता.

कारण अपराध केंद्रप्रमुखाच्या कपाटापाशी संपत नव्हता, हे तिला परतीच्या वाटेवरच उमगले.

जमीन, विटा, आकाश यांतूनही थोडा किरणोत्सर्ग येतच असतो. त्यापासून सुटका कोणाचीच नाही. तो हिशेबात येऊ नये म्हणून प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर एक जादा बॅज टांगून ठेवतात आणि त्याचा आकडा इतरांच्या आकड्यातून वजा करतात. उरेल तो माणसाचा. आता भिंतीवरचा बॅज मोकळ्या हवेत आणि माणसांचे शिशात, तर वजाबाकी उणे येणार. यायलाच हवी. कोणताही माणूस पृथ्वीवर राहून पृथ्वीपेक्षा कमी किरणोत्सर्ग घेऊ शकत नाही. उणे आकडा म्हणजे यंत्राने गळा काढून सांगितलेले वाक्य: हा बॅज कोणाच्या अंगावर नव्हता.

मग सात वर्षांत तिला एकही उणे आकडा का दिसला नाही?

कार्यालयात येऊन तिने फाइल काढली. परिपत्रक आठ वर्षांपूर्वीचे होते. एका रुग्णालयाचा कारकून दर तिमाहीला फोन करून छळत असे: "उणे म्हणजे काय, बाई? आमच्या माणसांतून किरण बाहेर पडले का?" तिसऱ्या खेपेला कंटाळून कोणीतरी एका ओळीचा नियम केला होता. 'वजाबाकी ऋण आल्यास शून्य धरावे.' खाली सही होती. वळणदार, वाचता येईल अशी, तिची.

तिने फाइल उघडीच ठेवली. मग यंत्राच्या पोटातले कच्चे आकडे काढले. सात वर्षे, अठ्ठावीस तिमाह्या, त्या केंद्राचे अकरा बॅज. उणे, उणे, उणे. यंत्र सांगत राहिले होते आणि तिनेच त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

बुधवारी भावाच्या रक्ताचा दुसरा अहवाल आला. सोमवारी संध्याकाळी एकोणीसशे असलेल्या लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी सातशेवर आल्या होत्या. ओकारी थांबली होती, चेहऱ्यावर रंग होता, तो शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी पत्ते खेळत होता. हा खोटा बरेपणा पंधरवडाभर टिकतो आणि मग पेशी संपतात, हे तिने वाचलेले होते. शेजारचा म्हातारा पानागणिक खोकत होता, हे तिला दिसत होते.

त्याच रुग्णालयातल्या खास कक्षाच्या डॉक्टरीणबाई खाली येऊन अहवाल पाहून गेल्या. "मला कळतंय हो," त्या म्हणाल्या. "आकडा एवढा घसरतो तो एकाच कारणानं. इंजेक्शन आजच सुरू व्हायला हवं. पण मी लिहिलं तर ते 'वैद्यकीय मत'. कक्ष उघडतो तो मात्रेच्या कागदावर. कुलूप माझं असतं तर दगडानं फोडलं असतं."

"कागद मी आणते."

"लवकर आणा."

तिचे संचालक तिच्याबरोबरच नोकरीला लागलेले. सव्वीस वर्षे एकमेकांची दुखणीखुपणी ठाऊक असलेली माणसे. त्यांनी उणे आकड्यांची यादी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आकडे बदलले नव्हते.

"हे बाहेर काढलंत तर सात वर्षांच्या नोंदी रद्द होतील," ते म्हणाले. "आणि फक्त त्या केंद्राच्या नाही. लोक विचारतील, आणखी कुठे कुठे उणे होतं?"

"विचारू देत. मलाही विचारायचंय."

"परिपत्रकावर सही तुमची आहे."

"म्हणून तर मीच काढतेय."

"बरं, समजा काढलं. सिद्ध काय होणार? बॅज घातला नव्हता एवढंच. किती लागलं ते कुठाय? उण्यातून मात्रा काढता येत नाही, बाई. शून्य पुसाल, पण त्या जागी लिहाल काय?"

हा प्रश्न रास्त होता, आणि रास्त प्रश्नावर राग काढता येत नाही हे त्याचे सर्वांत संतापजनक अंग. तिला दुसरा साक्षीदार हवा होता: त्या चाळीस मिनिटांत भावाच्या अंगावर असलेली, शिशाबाहेर असलेली एखादी वस्तू.

दुपारी ती पुन्हा खाटेपाशी गेली. "सोमवारी अंगावर काय काय होतं तुझ्या?"

"पोशाख. हेल्मेट. बूट. मी, असा एकंदर."

"खिशात?"

"काही नाही."

भावजयीने घसा साफ केला. "फोन होता."

"तू गप्प बस ना जरा!"

"का गप्प बसू? आतून फोटो पाठवलात मला. 'बघ काय धूर आहे' म्हणून. ताई, थांबा, दाखवते."

आगीवर जाताना फोन गाडीत ठेवावा असा नियम होता आणि तो मोडणाऱ्यावर कारवाई होत असे. भावाने उशीत तोंड खुपसले. "ताई, नोटीस येईल गं. आधीच एक आहे माझ्या नावावर."

"फोन दे."

"काय करणार त्याचं?"

"फोडणार. आतल्या पट्टीवर मोहरीएवढे भाग असतात, बॅजच्या मसाल्याचे भाऊबंद. तेही साठवतात आणि तापवले की सांगतात. पण बॅजपेक्षा विसराळू आहेत, दिवसागणिक पुसट होत जातात. दे लवकर."

"त्यात चिमणीचे सगळे फोटो आहेत. परत मिळेल ना?"

"मिळेल. तुकड्यांत."

तो हसला. तिला हसू आले नाही. चिमणी म्हणजे त्याची चार वर्षांची मुलगी, जिला बाबा पत्ते खेळायला दवाखान्यात राहिला आहे असे सांगण्यात आले होते.

नवे स्वयंचलित यंत्र फक्त बॅजच गिळत असे. जुने, तापत्या ताटलीचे, अडगळीत आच्छादनाखाली होते. ते तिने लावले. खिडक्यांना काळे कागद चिकटवले, कारण या भागांना उजेड दिसला की साठलेले सारे क्षणात विसरतात, आणि मंद तांबड्या दिव्यात चिमट्याने एकेक कण सुटा केला. पहिला तापवला. पडद्यावर आधी सपाट रेघ. मग रेघ उठली, चढत गेली, टेकडीसारखी फुगली. तेच कण पुढे माहीत असलेल्या मात्रेखाली ठेवून पुन्हा तापवले आणि दोन टेकड्यांची तुलना केली. चौदा कणांचे उत्तर, मात्रेच्या मापात, आले तीन ग्रे, पाव ग्रे इकडेतिकडे. उपचार मिळाले तर तीन ग्रेची माणसे बहुतेक जगतात. न मिळाले तर त्यांतली बरीच जगत नाहीत. तिने काळे कागद काढले तेव्हा बाहेर लख्ख ऊन होते आणि फाटकाशी दोन कारकून रजेच्या अर्जावर वाद घालत होते.

गुरुवारी सज्जता समितीची तातडीची बैठक भरली. तातडी अशी की ती ठरल्या वेळेनंतर पन्नासच मिनिटांनी सुरू झाली. अध्यक्ष सौम्य, सुशिक्षित आणि अत्यंत ऐकून घेणारे होते. त्यांनी तिचा नऊ पानी अहवाल हातात घेतला: कच्चे उणे आकडे, तिचे परिपत्रक, कपाटाचे छायाचित्र, फोनचा निकाल, आणि भावाने सांगितलेली जागा, वेळ, अंतर.

"ही फोनची पद्धत मान्यताप्राप्त आहे?"

"जगात अनेक ठिकाणी वापरतात."

"आपल्या यादीत?"

"आपल्या यादीत फक्त बॅज आहे."

"मग बॅज काय म्हणतो?"

"बॅज म्हणतो, मी कपाटात होतो."

कोणीतरी हसले आणि खोकला आल्याचा बहाणा केला. अध्यक्षांनी पान उलटले. "शिवाय बाई, योजना लागू होते ती हल्ला झाल्यावर. पान सहा. हल्ला तर झालेला नाही."

"पेटी हल्ल्यासाठीच चोरून आणली होती. आग आधी लागली म्हणून हल्ला व्हायचा राहिला."

"कोणती पेटी?"

"मागच्या भिंतीशी होती ती."

"पेटीबद्दल मला बोलता येणार नाही, तपास चालू आहे. पेटी होती असं मी म्हणत नाही. नव्हती असंही म्हणत नाही."

"पण माझ्या भावाच्या रक्तात ती आहे, साहेब. तिथे तपास संपलाय."

खोलीत शांतता पसरली. लाज वाटल्यावर पसरते ती शांतता वेगळी. ही, इतिवृत्तात हे वाक्य कसे लिहावे असा प्रश्न पडल्यावर पसरते ती. अध्यक्षांनी तिच्या तळमळीचे कौतुक केले, उणे आकड्यांची चौकशी करण्यासाठी उपसमिती नेमली, तिच्या सहीविषयी स्वतंत्र खुलासा मागवला, आणि अहवालाच्या प्रती सर्व संबंधित विभागांकडे अभिप्रायासाठी पाठवाव्यात असा ठराव केला. अभिप्रायाची मुदत एक महिना. भावाची मुदत दोन आठवडे. हे तिने मोठ्याने सांगितले. तेही इतिवृत्तात लिहून घेण्यात आले.

त्या दिवशी ती प्रथमच चिडून रडली, जिन्याच्या वळणावर, भिंतीला पाठ लावून, आणि वर जाणाऱ्या शिपायाने आदराने विचारले, "लिफ्ट बंद आहे का, बाई?"

शुक्रवारी दुपारी चार वाजता भावजय धापा टाकत प्रयोगशाळेत आली. "ताई, बघा! म्हटलं होतं ना यांनी, आलीच. माणूस खाटेवर पडलाय आणि यांना नोटीस सुचते!"

राज्ययंत्रणेत एक विभाग असा असतो जो कधीही झोपत नाही, ज्याला मुदत लागत नाही, उपसमिती लागत नाही, आणि त्याचे नाव शिस्त विभाग. अभिप्रायार्थ आलेल्या अहवालात त्या विभागाने आपल्या कामाचे तेवढे वाक्य शोधले होते. तिने नोटीस वाचली. मग खुर्चीत बसली आणि पुन्हा वाचली.

'ज्याअर्थी आपण सोमवार रोजी मालधक्क्यामागील शेडमधील आगीच्या वेळी नियमभंग करून भ्रमणध्वनी जवळ बाळगला. ज्याअर्थी सदर भ्रमणध्वनीच्या शासकीय प्रयोगशाळेतील तपासणीत तो शेडच्या मागील भिंतीलगत, किरणोत्सर्गी पदार्थाच्या पेटीपासून सुमारे दोन हातांवर, चाळीस मिनिटे आपल्या अंगावर असल्याचे व त्यास तीन ग्रे मात्रा लागल्याचे निःसंशय सिद्ध झाले आहे. त्याअर्थी आपणांवर कारवाई का करू नये...'

"काय लिहिलंय?" भावजयीने घाबरून विचारले.

"सगळं लिहिलंय," ती म्हणाली. "चल, रिक्षा बघ."

पेटी होती की नव्हती हे सांगायला जे अध्यक्ष असमर्थ होते, त्यांच्याच इमारतीच्या खालच्या मजल्याने पेटीचे अंतर हातांत मोजून दिले होते. गोपनीयतेचा आदेश शिस्त विभागाला पोचलाच नव्हता, किंवा पोचून जावक-आवकीत कुठे तरी विसावला होता. डॉक्टरीणबाईंनी कागद उजेडाकडे धरला. "तारीख आहे. ठिकाण आहे. मात्रा आहे, 'निःसंशय' आहे. जावक क्रमांक, शिक्का, सही." त्यांनी ओठ घट्ट मिटले. "कागद कशासाठी काढला असावा असा नियम कुठंच नाही. कसा असावा एवढंच आहे. स्ट्रेचर मागवा."

कक्षाचे कुलूप उघडायला वीस मिनिटे लागली. गाद्यांवर अजून कारखान्याचे प्लास्टिक होते. भावाला त्यावर ठेवले तेव्हा ते करकरले. पहिले इंजेक्शन पावणेसहाला टोचले गेले, जे चार दिवस आधी टोचता आले असते. काचेपलीकडून त्याने हाताने पत्ते वाटल्याची खूण केली आणि तोंडाने काहीतरी म्हटले. ऐकू आले नाही, पण ओठांवरून 'नोटीस' आणि त्यापुढची एक शिवी तेवढी ओळखता आली.

उणे आकड्यांवरचा आपला खुलासा ती शनिवार-रविवार लिहीत होती. त्यात तिने स्वतःच्या बाजूने एकही ओळ लिहिली नाही, आणि चार हजारांपैकी आणखी कोणकोणते बॅज उणे आहेत त्याची यादी जोडली. सारे मिळून एकोणीस पाने झाली.

सोमवारी सकाळी तिच्या टेबलापुढे दोघे येऊन उभे राहिले. लांब्या दाराच्या चौकटीला डोके लागू नये म्हणून वाकलेला, मास्तर इस्त्रीचा सदरा घालून. दोघांच्या हातांत रक्ताचे अहवाल होते. भावाइतका घसरलेला आकडा कोणाचाच नव्हता. ते पेटीपासून लांब होते. पण दोघांचेही आकडे गेल्या सोमवारपासून उतरतच होते.

"बाई," लांब्या म्हणाला, "आम्हालाही एक नोटीस मिळेल का?"

"बसा. फोन आणलेत?"

"आणलेत. पण ते गाडीत होते तेव्हा."

"दोघांचेही?"

"मास्तरांनी बजावलं होतं ना. तुमच्या भावाला पण सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही." भावाविषयी बोलताना त्याच्या आवाजात आठवड्यापूर्वी नापसंती असती, आज हेवा होता.

"घड्याळ? अंगठी? कानातलं यंत्र? बँकेचं कार्ड?"

"नाही. सगळं काढूनच आत जायचं असतं."

ती मास्तरांकडे वळली. ते ताठ बसले होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. "तुमच्या खिशात काय होतं, मास्तर?"

"रुमाल," ते म्हणाले. मग काहीशा अभिमानानेच, "एकतीस वर्षांत मी एक नियम मोडलेला नाही, बाई. विचारा कोणालाही."

तिने खुलाशाची एकोणीस पाने टेबलाच्या कडेला सारली, कोरा कागद पुढे ओढला आणि पेनाचे टोपण काढले.

"पुन्हा आठवा," ती म्हणाली. "नीट आठवा, मास्तर. काहीतरी मोडलंच असेल."